बदामाची सावली

लढाईच्या साली शहापुरात घरमालकानं, म्हणजे अप्पासाहेबांनी, परड्यातलं बदामाचं झाड तोडलं. ते सत्यवतीनं लावलं होतं. मागावर लुगडी विणणाऱ्या सत्यवतीनं जागा सोडावी, एवढाच त्यांचा हेतू होता. त्या झाडाच्या सावलीतच ती सुताला खळ लावायची; खळ लावलेलं सूत कडक उन्हात वाळलं की तटातट तुटतं.

तिनं दुपारी रोजच्याच जागी उभ्या धाग्यांचा ताणा पसरला.

तिथं ऊन नव्हतंच. उरलेल्या बुंध्याभोवती पानापानांची सावली डुलत होती.

"ऊठ हितनं!" अप्पासाहेब ओरडले.

"झाड तोडलंसा न्हवं? आता सावली तोडा की," सुतावर खळीचा कुंचा फिरवत ती म्हणाली.

ते तरातरा सावलीत शिरले, ताण्याचा खुंट उपटला आणि परत उन्हात आले.

त्यांची सावली मागंच राहिली.

सत्यवतीनं खुंट पुन्हा ठोकला. "ऱ्हाऊ द्या की तिला. भाईर ऊन लई हाय."