किती वेळ थांबायचं

मानक नगरच्या क्वार्टरमध्ये जेवताना प्रफुल्ल लेकीला खुशीत सांगत होता, "मशीनकडून उत्तर आलं नाही, की आमचा वॉचडॉग, म्हणजे लक्ष ठेवणारा प्रोग्राम, ते अडकलं समजून सरळ रीस्टार्ट करायचा. पण एखादं मशीन अडकलेलं नसतं गं, नुसतं सावकाश असतं! कुणासाठी किती वेळ थांबायचं, ते आता ठरवता येईल. मीच केलं ते."

लकव्यानंतर अडखळत बोलणारे त्याचे बाबा म्हणाले, "म... मला..."

"पाणी ना? घ्या." प्रफुल्लने पेला पुढे सरकवला. बाबांनी त्याला हातही लावला नाही.

"आता तर यांना एक वाक्यसुद्धा जमत नाही," प्रफुल्ल हळहळला.

"जमता है, पापा," हिंदी मुलखात वाढलेली त्याची लेक दीप्ती म्हणाली. "आजोबा पूरी बात बोलते हैं. आप ऑफिस चले जाते हो, तब."

प्रफुल्लला मान वर करून बाबांकडे बघवेना.