डावीकडची लाटी

"आत्या, तू ते कंपनीचे हातमोजे घालून पापड लाटलेस ना, तेच मी घातले आणि तुझं सगळं कसब दोन मिनिटांत माझ्या हातांत उतरलं!" फोनच्या पडद्यावर भाची शाल्मली हसत होती. "फक्त एक गडबड आहे. मधूनच हात लाटी तेलात बुडवून डावीकडे धरतो. तिथं तर कुणीच नसतं! कंपनीवाले म्हणतात, तेवढं पुसता येईल."

लहानपणी आत्या पापड लाटायला बसली की शाल्मली तिच्या डावीकडे तोंड उघडून बसायची. तिला आठवेल म्हणून अनसूयाबाई तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"पुसून टाक गं," शेवटी त्या म्हणाल्या.

पडदा विझला. त्यांनी पुढची लाटी तेलात बुडवली. हात डावीकडे गेला, तिथंच थांबला. मग ती लाटी त्यांनीच खाल्ली.