दोन लाख एक हजार सहाशे

लसींच्या कोठाराच्या प्रमुखांनी नुकताच छापलेला कागद उजेडात धरला आणि मान डोलावली. वर ठळक आकडा होता: एकूण नोंदी २,०१,६००. खाली बारीक अक्षरांत: मर्यादेबाहेरच्या नोंदी ०.

दहा दिवस, चौदा फ्रिज, दर मिनिटाला तापमानाची एक नोंद आणि दोष एकही नाही. याला काम म्हणतात, असं ते स्वतःशीच पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

बाहेर पेट्या भरलेली गाडी उभी होती. कागदावर सही झाली की ती सुटणार होती आणि दुपारपर्यंत त्या लसी लहान मुलांच्या दंडांत जाणार होत्या. प्रमुख चष्मा शोधू लागले.

फ्रिज पुसणाऱ्या मावशींनी दारातूनच सांगितलं, की गुरुवारी दुपारी तीन नंबरचा फ्रिज बंद पडला होता. प्लग निसटला होता, तो त्यांनीच बसवला, आणि साहेबांच्या कानावर तेव्हाच घातलं होतं. प्रमुखांनी वर न बघता विचारलं, की मावशी आता कॉम्प्युटरची शिकवणी घेणार का.

खिडकीपाशी बसलेली प्रोग्रामर त्या शून्याकडे पाहत होती. हा अहवाल काढणारा प्रोग्राम तिचा होता. नोंदी पुरवायला तिने त्यात जनरेटर नावाचा कोडचा तुकडा लिहिला होता. तो सगळं एकदम समोर ओतत नाही. मागितली की एक नोंद देतो, पुन्हा मागितली की पुढची. दिलेली परत देत नाही, आणि शेवटची दिली की संपतो. फ्रिज खरंच बंद पडला असेल, तर शून्य यायला त्यात जागाच नव्हती. आणि मावशी न पाहिलेलं सांगत नसत.

"सर, तुम्ही प्रोग्रामला हात लावलात?"

"एकच ओळ घातली. तुम्हाला सुचली नव्हती."

प्रमुखांनी तीन दिवसांचा कोर्स केला होता. त्याचं प्रमाणपत्र खुर्चीमागे टांगलेलं होतं, बायकोमुलांच्या फोटोपेक्षा जरा मोठ्या चौकटीत. अहवालात एकूण आकडा नाही हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून तपासणीच्या आधी त्यांनी सगळ्या नोंदी मोजून घेतल्या होत्या. मोठा आकडा वर असला की खालचं कोणी वाचत नाही, हे त्यांना कोर्सच्या आधीपासून माहीत होतं.

तिने सांगितलं, की मोजण्यातच नोंदी संपल्या. खालच्या तपासणीला एकही उरली नाही. आणि काही मिळालं नाही म्हणून प्रोग्राम अडून बसत नाही, निमूट शून्य लिहितो.

"मॅडम," प्रमुख सावकाश म्हणाले, लहान मुलाला सांगावं तसं, "दोन लाख नोंदी आहेत असं तुमचाच प्रोग्राम म्हणतोय. आणि तुम्ही म्हणता, त्याला एकही मिळाली नाही. आधी घरी बसून काय ते ठरवा."

चष्मा कपाळावर सापडला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"म्हणजे डबा ओतून दाणे मोजले," मावशी म्हणाल्या, "आणि खडे शोधायला रिकामा डबा घेतला."

प्रोग्रामरने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं. मग प्रमुखांची ओळ खोडली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. प्रमुखांची सही लांबलचक होती, शेवटी दोन रेघा आणि एक टिंब. टिंब देऊन होईपर्यंत प्रिंटरमधून दोन प्रती बाहेर आल्या होत्या. एकेचाळीस ओळी. सगळ्या गुरुवारच्या, दुपारी दोन वाजून सात मिनिटांपासूनच्या, सगळ्या आठ अंशांच्या मर्यादेच्या वर. सगळ्या तीन नंबरच्या फ्रिजच्या.

पहिली प्रत तिने मावशींच्या हातात दिली.

"तीनच ना?" मावशींनी विचारलं आणि उत्तराला न थांबता गाडीकडे निघाल्या.

दुसरी प्रत तिने टेबलावर, सहीच्या कागदावर ठेवली. प्रमुखांनी ती वरून खालपर्यंत वाचली. उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. बाहेर गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला, मग एकेक पेटी जमिनीवर टेकल्याचा.

"पण यात," प्रमुख म्हणाले, "एकूण आकडा कुठेच नाही."