प्रश्न क्रमांक नऊ, भाग तीन

अकरा पंचावन्नला तिने आधीच्या लघुलेखकाच्या खांद्याला बोट लावलं. त्याने अर्ध्या वाक्यावर पेन्सिल उचलली, उरलेलं अर्धं तिने धरलं. सभागृहाच्या मधोमध, अध्यक्षांच्या खाली, एक छोटं टेबल. पाच मिनिटं ती, मग दुसरं कोणी. बोललेलं सगळं लिहायचं. हशा झाला तर ‘हशा’ लिहायचं, हसायचं नाही.

(आजची ही पाळी तिची नव्हती. तिने मागून घेतली होती. नोंद नाही.)

अध्यक्ष : प्रश्न क्रमांक नऊ.

विरोधी बाकावरच्या सदस्य बाई उठल्या. निवडून येण्याआधी त्या नर्स होत्या. अजूनही रुग्णाला विचारावं तसं विचारायच्या, थोडक्यात, आणि उत्तर मिळेपर्यंत.

भाग एक : प्रौढ दिव्यांगांना दिवसभर सांभाळणारे केंद्र सात महिन्यांपासून बंद आहे, हे खरे आहे काय?

मंत्री : हे खरे नाही. केंद्र बंद नसून स्थगित आहे.

(साडेनऊला केंद्राची गाडी यायची, दोनदा हॉर्न वाजवायची. तिची धाकटी बहीण, वय चौतीस, बोलता येत नाही, त्या दोन हॉर्नवर धावत सुटायची. अजूनही ती सातला बूट चढवते, पिशवी मांडीवर घेते आणि दाराजवळच्या स्टुलावर बसते. दुपारी आई बूट काढायला गेली की पाय आखडून घेते. “उद्या येईल हं,” आई म्हणते. रोज म्हणते. नोंद नाही.)

भाग दोन : त्यामुळे चाळीस जण घरी बसून आहेत, हेही खरे आहे काय?

मंत्री : हे अंशतः खरे आहे. चाळीस नाहीत, अडतीस.

सदस्य : मग दोघं कुठे गेले?

मंत्री : माहिती घेऊन पटलावर ठेवतो.

“शोधा, शोधा,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “इथेच निवडून आले असतील.”

तिने ‘हशा’ लिहिलं.

भाग तीन : केंद्र पुन्हा कधी सुरू होणार?

मंत्री : बाब विचाराधीन आहे.

“विचार करा हो खुशाल,” बाई म्हणाल्या. “पण तारीख सांगा. एकच तारीख. मला गावी जाऊन अडतीस घरांत सांगायचीय.”

अधिकाऱ्यांच्या बाजूने एक चिठ्ठी आली. मंत्र्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली. चष्मा काढला. माइक जवळ ओढला. तोंड उघडलं.

या कामात सगळ्यांनाच एक खोड लागते. हात बोलणाऱ्याच्या पुढे धावतो. कुणी ‘मी या सभागृहाला’ म्हणेपर्यंत ‘आश्वासन देतो’ कागदावर उतरलेलंसुद्धा असतं. बावीस वर्षांत तिचा हात एकदाही चुकला नव्हता.

आताही तो धावला.

घंटा.

अध्यक्ष : प्रश्नोत्तरांचा तास संपला आहे.

मंत्री बसले. बाई तशाच उभ्या होत्या, उत्तराची वाट बघत, आणि त्यांचा माइक बंद झाला होता. तिच्या खांद्याला कुणाचं तरी बोट लागलं.

वरच्या खोलीत तिने वहीतलं सगळं टाइप केलं, जसंच्या तसं, आणि पान मास्तरांपुढे ठेवलं. मास्तर म्हणजे मुख्य प्रतिवेदक. इथल्या निम्म्या लोकांना लघुलिपी त्यांनीच शिकवली होती, तिलाही. ते कानाला हेडफोन लावून पानावरून लाल पेन्सिल सरकवत गेले. शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबले. टेप मागे घेतली. पुन्हा ऐकली.

“हे कोण बोललं?”

तिने पानाकडे पाहिलं नाही. “कुणीच नाही.”

“टेपवर मंत्री खाकरलेत. मग घंटा आहे.”

“हो.”

“एवढ्याशा खाकरण्याचं तू इतकं मोठं वाक्य केलंस?”

ती समोरची खुर्ची ओढून बसली.

“छापून गेलं असतं ना, तर आपण दोघंही त्या स्थगित केंद्रात जाऊन बसलो असतो.” मास्तर हसले नाहीत. “टाइप करताना दिसलं नाही तुला?”

“दिसलं.”

मास्तरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “आजही बसली असेल ती?”

“सातपासून.”

लाल पेन्सिल ओळीच्या सुरुवातीला टेकली. ओढली गेली नाही.

“मास्तर, खोडायच्या आधी एकदा मोठ्याने वाचता?”

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. उठून ते लोटून घेतलं. मग शर्टाचं वरचं बटण लावलं, पान हातात घेतलं, एक हात टेबलावर टेकवला, मंत्री टेकवतात तसा, आणि घसा साफ केला.

“केंद्र येत्या एक तारखेपासून पुन्हा सुरू होईल. गाडी रोज साडेनऊला दाराशी येईल.”

तिच्यापुढे वही नव्हती. तिचं बोट टेबलाच्या लाकडावर त्यांच्या आवाजामागून चाललं होतं, एका शब्दानेही पुढे न जाता.