रिकामा रकाना

तिसऱ्या मजल्यावरच्या सातवी 'ब'कडे जिना चढताना निमकर बाई दुसऱ्या वळणावर कठडा धरून थांबल्या. वर्षभर हेच चाललं होतं. पायांतलं त्राणच जायचं आणि चार डॉक्टरांचे रिपोर्ट मात्र नॉर्मल यायचे.

तळमजल्यावरचा वर्ग मागायला त्यांनी अर्ज आणला, तेव्हा क्लार्क म्हणाला, "आजाराचं नाव भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. संधिवात लिहून टाका, कोण बघतंय?"

बाईंना खोटं लिहवेना. तो रकाना रिकामा ठेवूनच त्यांनी अर्ज मुख्याध्यापिकांच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बरं, ठेवून जा," एवढंच म्हणाल्या. निमकर बाई समजायचं ते समजल्या.

सोमवारी जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला, तोच मागून "नमस्ते बाई" असा गलका झाला. सातवी 'ब'ची बेचाळीस मुलं तळमजल्यावरच्या चित्रकलेच्या खोलीत येऊन बसली होती.

तिथल्या टेबलावर बाईंचा अर्ज होता, खाली मंजुरीची सही. आजाराच्या नावापुढे मोठ्या बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'नाव कळेपर्यंत जिना नको.'