पेशंटचं नाव

"मग निलेशभाऊ, घेताय कधीपासून?" फॉर्मवरून नजर न उचलता गौतमने विचारलं. दादरच्या त्या व्यसनमुक्ती केंद्राच्या ऑफिसात तो समुपदेशक होता; पेशंटची राहायची सोय दुसरीकडे होती. माणूस पस्तिशीचा, आवाज मऊ.

निलेशने खाली पाहिलं. आयुष्यात त्याने सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. शेजारच्या खुर्चीत बसलेली त्याची बायको दर्शना वाट पाहत राहिली, आता सांगेल, आता सांगेल.

"लाजायचं नाही. इथवर आलात हेच पुष्कळ झालं."

"सहा वर्षं," दर्शना म्हणाली.

"रोज?"

"रोज. आधी फक्त रात्री. आता बँकेत जायच्या आधीपण."

"अच्छा, बँकेत आहेत का." गौतमने तेही लिहून घेतलं. "मारहाण वगैरे?"

"कोणाला?"

"तुम्हाला, वहिनी. बिनधास्त सांगा, इथलं बाहेर जात नाही."

दर्शनाने डोळे मिटून घेतले. ही तिसरी जागा. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत ती फोन लावत होती. पहिल्या ठिकाणी "मिस्टरांना घेऊन या" म्हणाले, आणि बायकांना घेतच नाहीत हे मागाहून सांगितलं. दुसऱ्या ठिकाणच्या बाईने तर पेशंट मुलगाच असणार असं धरून तो कितवीत आहे म्हणून विचारलं. आज सकाळपासून तिने घोटभरही घेतली नव्हती. हात पर्सखाली दाबून धरले होते तरी थरथर थांबत नव्हती. उद्या आपण पुन्हा इथे येऊ याची तिला खात्री नव्हती.

"सर, पेशंट मी आहे," ती म्हणाली.

गौतमने पेन थांबवलं आणि निलेशकडे पाहिलं. जणू तो हो म्हणेल तरच ते खरं.

"तुम्ही नाव माझंच लिहा," निलेश हळूच म्हणाला.

"अहो!"

"पावती माझ्या नावाने राहू दे. तुझ्या बँकेत कळलं तर? चाळीत कळलं तर?"

"आणि राहायला कोण जाणार तिकडे? तुम्ही?"

हा माणूस सहा वर्षं असाच गप्प बसला होता. बाटली सापडली की बेसिनमध्ये ओतायचा, धुऊन भंगारात टाकायचा आणि कोणी विचारलं तर सांगायचा, दर्शनाला शुगरचा त्रास आहे. एकदा तरी भांडला असता तर बरं, असं तिला कितीदा वाटलं होतं.

"खोली तुमच्या नावावर, गॅस तुमच्या नावावर, लाइटचं बिल तुमच्या नावावर," ती म्हणाली. "निदान दारू तरी माझ्या नावावर राहू द्या."

गौतमने तो फॉर्म बाजूला सारला आणि कोरा घेतला. त्यावर पेशंटच्या नावाआधी "श्री." छापलेलंच होतं. ते खोडून त्याने दर्शनाचं नाव लिहिलं.

"महिन्याचे पंचेचाळीस हजार. तीन महिने राहावं लागतं. लेडीजना महिन्याला दहा जास्त."

"का?" दर्शनाने विचारलं.

"वेगळी वॉर्डन ठेवावी लागते ना, मॅडम. लेडीज येतात कमी, खर्च तेवढाच."

"येतील कशा? फोन केला की तुम्ही मिस्टरांना आणायला सांगता."

निलेशने पाकीट काढलं. दर्शनाने ते त्याच्या हातानेच परत खिशात ढकललं आणि स्वतःचं कार्ड टेबलावर ठेवलं. पहिल्या महिन्याचे पैसे भरले. सही करताना पेन कागदावर नुसतं नाचलं. 'दर्शना'मधला 'र्श' कुठल्या कुठे गेला. ती सही पाहून गौतमचा चेहरा पहिल्यांदा बदलला.

"शेवटची कधी घेतलीत?"

"काल रात्री."

"मग आजच चला. अशी एकदम सोडली की त्रास होतो, डॉक्टरांच्या नजरेखाली असलेलं बरं. चारला इथून तिकडे राहायला जाणाऱ्यांची गाडी निघते. घरी जाऊन कपडे घेऊन या. आणि दादा, नातेवाईक म्हणून इथे तुमची सही."

निलेशने सही केली. ती मात्र सुबक आली.

दोघं जिना उतरून खाली आले तर समोर कमलकाकू. लालबागला त्यांच्याच चाळीत दोन दारं सोडून राहणाऱ्या. हातात भाजीची पिशवी. काकूंनी आधी दोघांकडे पाहिलं, मग जिन्यावरच्या पाटीकडे. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'व्यसनमुक्ती केंद्र, पहिला मजला' लिहिलेलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि दर्शनाच्या पाठीवर हात ठेवला.

"किती सोसलंस गो बाय. कोणाला कळूसुद्धा दिलं नाहीस."

दर्शनाने निलेशकडे पाहिलं. तो भाजीच्या पिशवीकडे बघत होता.

"काकू, हे पीत नाहीत," ती म्हणाली. एकेक शब्द सुटा केला, म्हणजे चूक व्हायला नको. "मी पिते. सहा वर्षं झाली. आज मीच चाललेय राहायला."

शेजारचा वाटाणे सोलणारा भाजीवालाही मान वर करून बघू लागला. कमलकाकूंचे डोळे भरून आले. पदराने ते टिपत त्या निलेशकडे वळल्या.

"बघ रे मेल्या," त्या म्हणाल्या. "तुझ्यापायी बायको काय काय अंगावर घेता. आता तरी सोड."

"हो काकू," निलेश मान खाली घालून म्हणाला. "सोडतो."