गुंड्याचं जेवण

"खा रे सोन्या, एवढं एकच," म्हणत माझी बायको काचेच्या टाकीत चिमट्यानं गांडूळ हलवत होती. नवी सून माहेरून येताना आपला पाळलेला सॅलमँडर घेऊन आली होती. दिसायला पालीसारखा, पण पाण्यात राहणारा. नाव गुंड्या. आमच्याकडे आल्यापासून त्यानं तोंड उघडलं नव्हतं. पोट खपाटीला गेलं होतं आणि सुनेचे डोळे सारखे भरून येत होते.

आमच्या घरात जेवणाऱ्याला आग्रह करायची रीत आहे. म्हणून आम्ही सगळे टाकीभोवती खुर्च्या टाकून बसलो. मुलानं वरून बॅटरीचा उजेड धरला. शेजारच्या शेवंताबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "मीठ कमी पडलं असेल."

"आई," सून हळूच म्हणाली, "सगळे तोंडाकडे बघत बसल्यावर घास उतरतो का? मलाही उतरत नाही."

बायकोनं गांडूळ तळाशी सोडलं, बॅटरी बंद करायला लावली आणि आम्हाला खोलीबाहेर काढलं. थोड्या वेळानं सून आत जाऊन आली, ती हसतच. गांडूळ नव्हतं, आणि गुंड्या दगडाआड निवांत पडला होता.

संध्याकाळी सुनेच्या भाकरीवर तूप वाढायला बायकोचा हात सवयीनं पुढे गेला आणि मध्येच थांबला. तिनं तुपाची वाटी सुनेजवळ ठेवली आणि आपलं ताट उचललं.

"चला, आपण गॅलरीत जेवू," ती मला म्हणाली. "आत फार उकडतंय."

बाहेर डिसेंबरचा गारठा होता. मी मुकाट्यानं स्वेटर घातला.